सुईचे टोक आणि रेणूंची दिशा

‘फेरोइलेक्ट्रिक’ हा शब्द वर्गात पहिल्यांदा उच्चारला, की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : “सर, यात लोखंड कुठे असते?” प्रश्न रास्त आहे, पण या पदार्थांपैकी बहुतेकांत लोखंडाचा कणही नसतो. नाव पडले ते केवळ साम्यामुळे. लोहचुंबकाभोवतीचे बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काढून घेतले तरी त्याचे चुंबकत्व उरते, आणि उलट दिशेचे पुरेसे जोरदार क्षेत्र लावले तर त्याचे उत्तर-दक्षिण ध्रुव अदलाबदल करतात. काही स्फटिकांमध्ये हाच प्रकार विद्युत्-भारांच्या बाबतीत घडतो. म्हणून ते फेरोइलेक्ट्रिक.

गेल्या काही वर्षांत या विषयाला एक नवे वळण मिळाले आहे. कार्बन, नायट्रोजन, हायड्रोजन अशा हलक्या अणूंच्या रेणूंपासून, तेही पाण्यात विरघळवून आणि स्फटिक वाढवून, असे पदार्थ हेतुपुरस्सर घडवता येऊ लागले आहेत. घडवलेला पदार्थ खरोखरच तसा झाला की नाही, हे सांगण्याचे काम बऱ्याच अंशी एका अतिसूक्ष्म सुईकडे आले आहे. रसायनशास्त्रज्ञाची कल्पना आणि सुईची साक्ष यांचा हा मेळ कसा बसतो, ते या लेखात जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

पाया

स्फटिक म्हणजे अणुरेणूंची एकाच नमुन्यात पुन्हा पुन्हा केलेली मांडणी. त्या नमुन्यातील धनभारांचे मध्य आणि ऋणभारांचे मध्य एकाच बिंदूत आले, तर विद्युत्-दृष्ट्या तो उदासीन. ते एकमेकांपासून किंचित सरकलेले असले, तर नमुन्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण असा कल निर्माण होतो. या कलाला ध्रुवण म्हणतात. ध्रुवण असणे एवढ्यानेच पदार्थ फेरोइलेक्ट्रिक ठरत नाही. ते बाहेरच्या विद्युत्-क्षेत्राने उलटवता आले पाहिजे आणि क्षेत्र काढल्यावर उलटलेल्या स्थितीत टिकले पाहिजे. एक दिशा म्हणजे ‘शून्य’ आणि दुसरी म्हणजे ‘एक’ असे मानले, की वीज गेली तरी न विसरणारी स्मृती तयार होते.

संपूर्ण स्फटिकात ध्रुवण एकाच दिशेने असते असे मात्र नाही. आपल्या भागातला उभा ऊस डोळ्यांसमोर आणा. वादळानंतर एका वावरातला ऊस पूर्वेला लवलेला दिसतो, शेजारच्या वावरातला पश्चिमेला. स्फटिकातही असेच तुकडे पडलेले असतात. प्रत्येक तुकड्यात ध्रुवणाची दिशा एक. त्याला डोमेन म्हणतात. दोन डोमेनमधल्या बांधाला डोमेन-भिंत म्हणतात. ध्रुवण उलटते तेव्हा सगळा स्फटिक एका क्षणी गर्रकन फिरत नाही. अनुकूल दिशेचे डोमेन जन्मतात, त्यांच्या भिंती सरकतात आणि शेजारचा प्रदेश व्यापतात. सीमा सरकली म्हणजे काय काय बदलते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको!

आणखी एक गुणधर्म येथेच ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. प्रत्येक फेरोइलेक्ट्रिक स्फटिक दाबविद्युत् असतो. म्हणजे त्याच्यावर दाब दिला तर पृष्ठावर विद्युत्-भार येतो. जाक व पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली हा परिणाम दाखवून दिला. याची उलट बाजूही खरी आहे : व्होल्टेज लावले तर स्फटिक किंचित फुगतो किंवा आक्रसतो. किती, हे सांगणाऱ्या गुणांकाचे एकक दोन तऱ्हांनी लिहितात : कुलोम प्रति न्यूटन किंवा मीटर प्रति व्होल्ट. ही दोन्ही एकके एकच आहेत, हे विद्यार्थ्यांनी ऊर्जेच्या व्याख्येवरून स्वतः पडताळून पाहावे.

जुनी वाट आणि शिशाचा प्रश्न

गंमत अशी, की सापडलेला पहिला फेरोइलेक्ट्रिक पदार्थ भट्टीतून निघालेला नव्हता. तो होता रोशेल क्षार, म्हणजे टार्टारिक आम्लाचा सोडियम-पोटॅशियम क्षार. फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या सेन्येत नावाच्या औषधविक्रेत्याने सतराव्या शतकात तो बनवला आणि पुढे कित्येक वर्षे तो सौम्य रेचक म्हणून विकला गेला. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात संशोधन करणाऱ्या जोसेफ व्हॅलासेक यांनी १९२० साली दाखवून दिले, की या क्षाराचे ध्रुवण लोहचुंबकाप्रमाणे उलटवता येते. तो फेरोइलेक्ट्रिक असतो उणे १८ ते अधिक २४ अंश सेल्सियस एवढ्याच टप्प्यात. म्हणजे बेळगावच्या डिसेंबरातल्या पहाटे तो फेरोइलेक्ट्रिक, आणि एप्रिलच्या दुपारी नाही! ज्या तापमानाला हा गुण जातो त्याला क्यूरी तापमान म्हणतात. एवढ्या नाजूक पदार्थावर यंत्रे कशी चालणार?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट हे चिनी मातीसारखे कठीण द्रव्य पुढे आले. त्याचे क्यूरी तापमान सुमारे १२० अंश. १९५० नंतरच्या दशकात लेड झर्कोनेट टायटनेट आले आणि त्याने बाजार काबीज केला. गॅस पेटवायचा खटक्याचा लायटर, सोनोग्राफीचा शरीरावर फिरवायचा भाग, पाणबुड्यांचा शोध घेणारी यंत्रे, घड्याळाचा गजर वाजवणारी चकती, या सर्वांत याच घराण्यातली द्रव्ये दिसतात.

परंतु यात एक काटा आहे. या द्रव्याच्या वजनात ६० टक्क्यांहून अधिक भाग शिशाचा असतो. अणुभार घेऊन कोणीही हा हिशेब करू शकेल. ते भाजताना हजार अंशांच्या वर तापमान लागते आणि तेवढ्या उष्णतेत शिशाचे ऑक्साइड उडून जाऊ लागते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला किती घातक आहे, हे आता सर्वमान्य आहे. युरोपीय संघाने २००६ पासून विजेच्या उपकरणांतील शिशावर बंधन घातले. पण या सिरॅमिक द्रव्यांना त्यातून सूट द्यावी लागली, कारण तोडीचा पर्याय हाताशी नव्हता. जुनी उपकरणे फोडून धातू काढणाऱ्या वस्त्यांतून काय होत असेल, याचा विचार केला म्हणजे पर्यायाचा शोध ही केवळ प्रयोगशाळेतली हौस नाही, हे पटते.

रेणूंकडे परत

म्हणून लक्ष पुन्हा रोशेल क्षाराच्या घराण्याकडे, रेणवीय पदार्थांकडे वळले. हे पदार्थ द्रावणातून वाढवता येतात, भट्टी लागत नाही. ते हलके असतात, आणि रेणूत एक अणू बदलून गुणधर्म बदलता येतात. अडचण एवढीच, की चांगले रेणवीय फेरोइलेक्ट्रिक फार थोडे माहीत होते आणि तेही बहुधा योगायोगाने सापडलेले. क्रोकोनिक आम्लाचे उदाहरण पाहा. १८२५ साली ग्मेलिन यांनी ते शोधले. ते फेरोइलेक्ट्रिक आहे, आणि तेही खोलीच्या तापमानाला, हे जपानमधील साचिओ होरिउची व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले २०१० साली. मधली १८५ वर्षे हा गुण कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. अशा नशिबावर विज्ञान किती काळ अवलंबून राहणार?

चीनमधील नानजिंगच्या आग्नेय विद्यापीठातील रेन-गेन श्योंग यांच्या गटाने या शोधाला काही नियम घालून देण्याचा प्रयत्न केला. त्यांतील मुख्य कल्पना स्वयंपाकघरातल्या टोपलीवरून समजेल. टोपलीत शेवग्याच्या शेंगा गच्च भरल्या, तर एखादी शेंग जागच्या जागी उलटी करता येत नाही. लिंबे भरली, तर टोपली हलवताच ती जागच्या जागी फिरतात. रेणूंचेही तसेच. चेंडूसारखा गोल रेणू स्फटिकात आपली जागा न सोडता फिरू शकतो. तापमान वाढले की तो भिरभिरतो, उतरले की एका दिशेला तोंड करून थांबतो. पण अगदी गोल लिंबाला ‘तोंड’ कुठले? त्याला दिशा नाही, म्हणून ध्रुवणही नाही. तेव्हा लिंबाला एक देठ ठेवायचा. गोलपणा बराचसा राखून एका बाजूला एखादा अणू बदलायचा. मग फिरण्याची मोकळीक राहते आणि दिशाही मिळते.

उदाहरणार्थ, टेट्रामेथिल अमोनियम हा जवळजवळ गोल आयन. त्याच्या एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला, की देठ तयार. दुसरी युक्ती डावे-उजवेपणाची. काही रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात : एकमेकांची आरशातली प्रतिमा, पण एकावर एक न बसणारे. केवळ एकाच हाताचे रेणू घेतले, तर त्यांच्या स्फटिकात आरसा-सममिती असूच शकत नाही. स्फटिकांचे एकूण ३२ वर्ग. त्यांपैकी ध्रुवण शक्य असलेले १०. एकाच हाताच्या रेणूंना खुले असलेले वर्ग ११. त्यांपैकी ध्रुवण शक्य असलेले ५. सगळे वर्ग निसर्गात सारख्याच प्रमाणात आढळत नाहीत, त्यामुळे हा हिशेब ढोबळच. तरी ३२ पैकी १० पेक्षा ११ पैकी ५ बरे, हे कोणीही मान्य करील.

तिसरी गोष्ट मोजणीची. क्यूरी तापमानाच्या वर स्फटिकाची सममिती जास्त असते, खाली कमी. जपानी शास्त्रज्ञ आयझू यांनी अशा संभाव्य संक्रमणांचे ८८ प्रकार सांगितले आहेत. वरच्या अवस्थेतील सममिती-क्रियांच्या संख्येला खालच्या अवस्थेतील संख्येने भागले, की ध्रुवणाला किती दिशा उपलब्ध आहेत ते कळते. बेरियम टायटनेटमध्ये ४८ भागिले ८, म्हणजे ६ दिशा : वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे. कित्येक जुन्या रेणवीय स्फटिकांत ४ भागिले २, म्हणजे दोनच. याला व्यावहारिक महत्त्व आहे. उपकरणांत एकसंध मोठा स्फटिक क्वचित् वापरतात. वापरतात तो पातळ थर, आणि त्यात वाटेल त्या दिशांना तोंड केलेले असंख्य कण असतात. ध्रुवणाला दोनच दिशा असतील, तर पुष्कळसे कण क्षेत्राला दाद देत नाहीत. दिशा जितक्या अधिक, तितका थर कामाचा.

पडताळा कसा घ्यायचा?

कागदावर हे सगळे ठीक. पण नवा स्फटिक हाती आल्यावर तो खरोखर फेरोइलेक्ट्रिक आहे, हे ठरवायचे कसे? रूढ पद्धत अशी : स्फटिकाची चपटी चकती करायची, दोन्ही बाजूंना धातूचा लेप द्यायचा, व्होल्टेज वाढवत-कमी करत भार मोजायचा आणि आलेख काढायचा. तो हिस्टेरेसिसच्या बंद वळशाचा आला, की ध्रुवण उलटले. रेणवीय पदार्थांत ही पद्धत अनेकदा अडते. स्फटिक चिमुकले किंवा ठिसूळ असतात. योग्य दिशेने कापता येत नाहीत. काहींतून वीज झिरपते. शिवाय हा आलेख संपूर्ण नमुन्याची बेरीज सांगतो. कोणत्या वावरातला ऊस कोणीकडे लवला आहे, ते त्यातून दिसत नाही. साध्या ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने काही डोमेन दिसतात. पण अगदी विरुद्ध तोंडांचे दोन डोमेन त्याला बहुधा सारखेच भासतात. येथे सुई कामाला येते.

गेर्ड बिनिग व हाइनरिख रोरर यांनी १९८१ साली झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत सुईने पृष्ठ चाचपणारा पहिला सूक्ष्मदर्शक बनवला. त्याबद्दल १९८६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. त्याच १९८६ साली बिनिग, क्वेट व गेर्बर यांनी वीज न वाहणाऱ्या पदार्थांवरही चालणारा अणुबल सूक्ष्मदर्शक तयार केला. १९९२ साली जर्मनीत ग्युथ्नर व ड्रान्सफेल्ड यांनी अशाच सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने एका फेरोइलेक्ट्रिक बहुवारिकाच्या थरावर ठिकठिकाणी ध्रुवणाच्या खुणा उमटवल्या आणि त्या वाचून दाखवल्या. या पद्धतीला आज दाबविद्युत्-प्रतिसाद बल सूक्ष्मदर्शन म्हणता येईल. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे मी नुसते ‘सुई’ म्हणतो.

या सूक्ष्मदर्शकात भिंग नसते. जुन्या ग्रामोफोनच्या पिनेची आठवण ठेवा. पोहण्याच्या तलावावरच्या उडीच्या फळीसारखी एक इवलीशी लवचीक पट्टी असते आणि तिच्या टोकाखाली धातूचा लेप दिलेली सुई. सुईच्या टोकाची त्रिज्या काही दशक नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग; आपल्या बोटाचे नख एका सेकंदात साधारण एवढे वाढते. ही सुई स्फटिकावर टेकवतात आणि तिच्यातून काही व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब देतात. स्फटिक दाबविद्युत् असल्यामुळे सुईखालची जागा त्याच तालात फुगते आणि आक्रसते. सुई वर-खाली होते, पट्टी हलते.

ही हालचाल किती असते? गुणांक १० पिकोमीटर प्रति व्होल्ट धरला, तर ५ व्होल्टला ५० पिकोमीटर. हायड्रोजनच्या अणूचा व्यास सुमारे १०० पिकोमीटर असतो. म्हणजे अणूच्या निम्म्याइतकी हालचाल पकडायची! ती पकडतात कवडशाने. आरसा किंचित हलवला तरी समोरच्या भिंतीवर कवडसा हातभर सरकतो, हे आपण लहानपणी पाहिलेले असते. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण टाकतात आणि परावर्तित ठिपका चार भागांच्या प्रकाशग्राहकावर घेतात. ठिपका वर-खाली सरकला तर पृष्ठाची उभी हालचाल कळते. आडवा सरकला तर पट्टीला पीळ बसला, म्हणजे पृष्ठ आडवे घसरले. मग लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर नावाचे उपकरण गोंगाटातून नेमका आपण दिलेल्या तालाचा अंश वेगळा काढते.

त्यातून दोन आकडे मिळतात. पहिला हालचालीचा आकार, दुसरा कला, म्हणजे ताल जुळला की उलटा पडला. एकाच वेळी झोका घेणारी दोन मुले मनात आणा. दोघांचेही झोके सारखेच उंच जातात. पण एक पुढे असतो तेव्हा दुसरा मागे. विरुद्ध ध्रुवणाचे दोन डोमेन असेच वागतात : आकार सारखा, कलेत १८० अंशांचा फरक. बरोबर भिंतीवर मात्र दोघे एकमेकांना खोडतात आणि आकार घसरतो. त्यामुळे आकाराच्या चित्रात भिंती काळ्या रेघांसारख्या उमटतात, आणि कलेच्या चित्रात डोमेन काळ्या-पांढऱ्या पटांसारखे.

एवढ्यावर सुई थांबत नाही. ती लिहूही शकते. तिच्यावर स्थिर व्होल्टेज देऊन एक चौकोन गिरवायचा. टोक अतिशय बारीक असल्यामुळे थोड्या व्होल्टेजलाही तेथील क्षेत्र प्रचंड होते आणि चौकोनातले ध्रुवण उलटते. मग आत लहान चौकोन उलट व्होल्टेजने गिरवायचा. तेवढा भाग पुन्हा पूर्वीसारखा होतो. चौकोनात चौकोन असे हे चित्र म्हणजे ध्रुवण दोन्हीकडे वळवता येते याचा पुरावा.

सुईने काय दाखवले?

पहिले उदाहरण २०१३ चे. डायआयसोप्रोपिल अमोनियम ब्रोमाइड हा साधा सेंद्रिय क्षार. त्याचे ध्रुवण २३ मायक्रोकुलोम प्रति चौरस सेंटिमीटर आणि क्यूरी तापमान १५३ अंश, म्हणजे ध्रुवणात तो बेरियम टायटनेटच्या जवळ आणि तापमानात वरचढ. सुईखाली त्याचे डोमेन स्पष्ट दिसले. मात्र ४ भागिले २ या हिशेबाने त्याला दिशा दोनच.

दुसरे २०१७ चे. वर सांगितलेला, क्लोरीनचा देठ लावलेला आयन मँगनीज क्लोराइडच्या साखळ्यांबरोबर पाण्याच्या द्रावणातून स्फटिकरूपात आणला. त्याचा दाबविद्युत् गुणांक १८५ पिकोकुलोम प्रति न्यूटन भरला. बेरियम टायटनेटचा सुमारे १९०. रेणवीय पदार्थाने सिरॅमिकची अशी बरोबरी करावी, हे १८८० पासून घडले नव्हते. येथे हिशेब २४ भागिले २, म्हणजे १२ दिशा. इतक्या दिशा असल्या, की डोमेन एकमेकांशी निरनिराळे कोन करून उभे राहतात. उभ्या आणि आडव्या हालचालींची चित्रे शेजारी ठेवून हे कोन वाचता येतात आणि मोजणीशी ताडून पाहता येतात.

तिसरे २०१८ चे. त्यात धातूच नाही. एका पिंजऱ्यासारख्या गोल रेणूला मेथिलचा देठ लावला, जोडीला अमोनियम आणि आयोडाइड घेतले. मांडणी बेरियम टायटनेटसारखीच, पेरोव्हस्काइट प्रकारची. ध्रुवण २२ मायक्रोकुलोम, क्यूरी तापमान १७५ अंश. हिशेब २४ भागिले ३, म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांकडे जाणाऱ्या ८ दिशा.

या उदाहरणांतून सुईचा खरा उपयोग कळतो. ती केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगत नाही. डोमेन कोणत्या कोनात उभे आहेत, भिंती सहज सरकतात की अडतात, पातळ थरातले किती कण दाद देतात, हे सगळे ती सांगते. त्यावरून रसायनशास्त्रज्ञ ठरवतो, की देठ लहान करायचा की मोठा, क्लोरीनऐवजी फ्लोरीन घ्यायचा की नाही. रेणू, स्फटिक, सुई आणि पुन्हा रेणू, असा फेरा पुरा होतो तेव्हाच त्याला रचना म्हणता येते. एरवी तो गळ टाकून बसण्याचा प्रकार.

केळ्याच्या सालीचा धडा

आता एक सावधगिरीची गोष्ट. केंब्रिजचे जेम्स स्कॉट यांनी २००८ साली एक छोटा पण झोंबणारा लेख लिहिला. त्यांनी केळ्याच्या सालीला दोन्ही बाजूंनी विद्युत्-अग्रे लावली आणि भार मोजला. आलेख आला बंद वळशाचा, हुबेहूब कित्येक शोधनिबंधांत छापतात तसा! केळ्याची साल अर्थात् फेरोइलेक्ट्रिक नाही. तिच्यातून वीज झिरपते एवढेच. झिरपणाऱ्या विजेलाही वळसा काढता येतो, हा त्यातला धडा.

सुईलाही हीच भीती आहे. सुईतून पृष्ठावर भार सांडतात आणि तेथेच चिकटून राहतात. मग पट्टी त्या भारांच्या ओढीने हलते आणि आपण समजतो, की स्फटिक हलला. पदार्थातले आयन सुईखाली इकडून तिकडे सरकले तरी पृष्ठ फुगते. हवेतल्या ओलाव्याचा पापुद्रा सुईभोवती जमतो. पृष्ठावरचा उंचवटा आकाराच्या चित्रात घुसतो. फेरोइलेक्ट्रिक नसलेल्या पदार्थांवरही सुईने वळसे मिळाले आहेत, हे आता नोंदलेले आहे.

म्हणून प्रामाणिक संशोधक उलटतपासणी घेतो. व्होल्टेज लावलेले असताना न मोजता ते काढल्यावर मोजतो. लिहिलेला चौकोन तासांनी, दिवसांनी पुन्हा पाहतो. सांडलेले भार विरून जातात, खरे ध्रुवण टिकते. नमुना ९० अंशांत फिरवून आडव्या हालचालीचे चित्र त्याप्रमाणे बदलते का, ते बघतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नमुना तापवतो : क्यूरी तापमानाच्या वर डोमेन नाहीसे झाले पाहिजेत आणि निवल्यावर पुन्हा उमटले पाहिजेत. क्ष-किरणांनी मिळालेली रचना, तापवताना शोषलेल्या उष्णतेची नोंद आणि शक्य असेल तेथे रूढ पद्धतीचा आलेख, या सर्वांची साक्ष सुईच्या साक्षीशी जुळली तरच निकाल द्यायचा. 

दुसरी सावधगिरी उत्साहाबद्दलची. २०१९ साली याच घराण्यातील एका मिश्र स्फटिकाचा गुणांक १५४० पिकोकुलोम प्रति न्यूटन इतका मोठा मिळाला. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्या स्फटिकात कॅडमियम आहे, आणि कॅडमियम मूत्रपिंड व हाडे यांना घातक असते. शिसे काढून कॅडमियम आणले, तर आपण आगीतून फुफाट्यात पडलो. तो स्फटिक मार्ग दाखवतो, मुक्काम नव्हे. शिवाय पाण्यातून सहज वाढणारे असे पदार्थ दमट हवेत टिकवायचे कसे, हा प्रश्नही कोकणपट्टीच्या पावसाळ्याइतकाच खरा आहे. बिनधातूचे, टिकाऊ आणि जोरदार प्रतिसादाचे असे तिन्ही गुण एकत्र आणणे, हे या क्षेत्रापुढचे काम आहे.

आपल्यासाठी

हे सारे चीन-जपान-अमेरिकेतले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पुण्याच्या आयसर या संस्थेत आर. बूमीशंकर यांच्या गटाने अमोनियम व फॉस्फोनियम क्षारांपासून असे रेणवीय पदार्थ तयार केले आहेत. पुणे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पदवीनंतर कोणत्या विषयात शिरावे, असे मला विचारणाऱ्यांना मी हे क्षेत्र सुचवतो, कारण येथे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्यामधला बांध कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही.

सुईचा सूक्ष्मदर्शक आपल्या कॉलेजात नाही, हे खरे; पण या विषयाचा निम्मा भाग कागद-पेन्सिलीचा आहे. ३२ स्फटिक-वर्गांची यादी पुढे घ्यावी, ध्रुवणाला जागा देणारे १० कोणते ते स्वतः शोधावेत, आणि मग भागाकार करून दिशा मोजाव्यात. आणि ज्यांना हाताने काही करून पाहायचे आहे, त्यांनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सोडियम कार्बोनेटच्या गरम द्रावणात पोटॅशियम बायटार्टरेट थोडेथोडे घालावे. फेस येणे थांबले की द्रावण गाळून झाकून ठेवावे. काही दिवसांनी तळाशी रोशेल क्षाराचे स्वच्छ खडे दिसू लागतील. त्यांतला बरा खडा निवडून दोन्ही बाजूंना वर्ख चिकटवावा, तारा ऑसिलोस्कोपला जोडाव्यात आणि खड्यावर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. पडद्यावरची रेघ उसळेल. एप्रिल महिन्यात तो फेरोइलेक्ट्रिक उरत नाही. दाबविद्युत् मात्र उन्हाळ्यातही असतो. हा फरक का पडतो, याचे उत्तर वर आलेल्या सममितीच्या चर्चेत दडलेले आहे. ते ज्याला सापडेल, त्याने स्टाफरूममध्ये येऊन मला जरूर सांगावे.